लाभ, दोन, तीन

विश्राम भाटकरांचं नाव विश्राम कुणी आणि कशाच्या आशेनं ठेवलं, देव जाणे. पाणी विभागात मी त्यांच्याबरोबर एकवीस वर्षं काढली आणि या माणसाला खुर्चीवर टेकलेलं पाहिलं ते नोकरीच्या अखेरच्या दोन महिन्यांत. तेव्हाही ते नीट बसत नसत. खुर्चीच्या कडेवर असत, आत्ता कुणीतरी हाक मारणार असल्यासारखे.

ते व्हॉल्व्हमन होते. रस्त्यात मधेच लोखंडी झाकण दिसतं, त्याखाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह. छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी त्यावर बसवायची आणि फिरवायची, की त्या आळीचं पाणी सुटतं. याला आम्ही 'पाणी सोडणं' म्हणतो. पाणी सोडण्याचा दुसरा अर्थ, म्हणजे आशा सोडण्याचा, मला नोकरीतच नीट कळला, कारण तक्रारीचा फोन माझ्या टेबलावर होता. एप्रिल-मेमध्ये निम्म्या रत्नागिरीनं माझ्या खानदानाचा उद्धार केलेला आहे. सुट्टीला आलेले मुंबईकर त्यात आघाडीवर.

भाटकर दुपारी ऑफिसात डोकावत आणि दारातूनच विचारत, "फोन कुटना होता ताई? पयल्या घरातला की शेवटच्या?"

पहिल्या घरातली तक्रार ते हिशेबातच धरत नसत. "पयल्या घरातला बोंबलतो सवयीनं. शेवटच्या घरातला फोन करतो तवा उठायचां," असं त्यांचं म्हणणं. आमचं गाव उताराचं. टाक्या वर सड्यावर, जांभ्याच्या पठारावर, आणि वस्ती खाली समुद्राकडे नि खाडीकडे घरंगळत गेलेली. पाणी वरच्यांना आयतं मिळतं आणि खालच्यांना उरलं तर. म्हणून पाणी सोडून झालं, की भाटकर चावी खांद्यावर टाकून त्या लाइनीच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जात आणि ओटीवर उभं राहून तांब्याभर पाणी मागत. माठातलं नाही, नळाचं. लोकांना वाटे, बिचारा उन्हातून आला. तो त्यांचा तपास असे. पाणी प्यायचे, जिभेवर घोळवायचे, कधी मान हलवायचे, कधी तडक मागे फिरायचे. आख्ख्या शहरात त्यांच्या ओळखीची माणसं म्हणजे शेवटच्या घरांतली माणसं. मोठ्या रस्त्यावरच्या बंगलेवाल्यांना ते तोंडानं ओळखत नसत, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

या शेवटच्या घरांतलं सगळ्यांत शेवटचं घर काशीबाय मयेकरणीचं. खाडीकाठच्या आळीत, जिथे भरतीला पाणी पायरीला लागतं तिथं. म्हातारी एकटी राहायची, सुकी मासळी विकायची, आणि फोनवर माझ्याशी असं बोलायची की मी तिच्या घरात पळीपंचपात्र घासायला आहे. पण खोटं कधी सांगितलं नाही. तिच्या आळीत बावीस घरं आणि त्या बावीस घरांना पाणी एका जुन्या बिडाच्या पाइपातून. जोड शिशाचे, आणि बाहेरून खाऱ्या मातीनं खाल्लेला. भाटकर त्या लाइनीला 'आजी' म्हणत. वाटेवरचा ट्रक थांबवून सांगत, "जरा हळू घ्या, खाली आजी निजलीय." ड्रायव्हर इकडेतिकडे बघत राही.

आजीच्या व्हॉल्व्हला ते एकच फेरा देत. बाकी ठिकाणी चार, सहा, कुठे दहा. इथे एक. त्याहून जास्त दाब आला तर जोड सुटेल, हे त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. चावीच्या वरच्या टोकाला कान लावून ते आतलं पाणी ऐकत आणि ठरवत.

फेरे मोजायची त्यांची एक तऱ्हा होती. त्यांचे वडील राजापूरच्या बाजूला खळ्यांवर भात मापायला जात. भात मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन, चार. भाटकर पाण्याचे फेरेही तसेच मोजत. भर रस्त्यात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, मोठ्यानं, "लाभ... दोन... तीन..." मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "काका, भात नाही हे."

"भात कशानं पिकतां मग?" ते म्हणाले. "एक म्हटलां की मोजणी झाली, ताई. लाभ म्हटलां की देणां झालां."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते घरी जाऊन सांगितलं. आवडलं नसतं तर बरं झालं असतं.

भाटकर गरीब होते, पण मऊ नव्हते. एका मे महिन्यात खाडीकडच्या एका पुढाऱ्याच्या घरी लग्न होतं आणि त्याला चार दिवस जास्त पाणी हवं होतं. तो चार माणसं घेऊन व्हॉल्व्हपाशीच येऊन उभा राहिला. आवाज चढले, माणसं जमली. भाटकरांनी वाद घातला नाही. चावी काढली आणि त्याच्या हातात दिली. "घ्या, फिरवा तुमी. आजीचा जोड सुटला तर खड्ड्यात उतरायचां पण तुमीच. बावीस घरांना कळशी घालायची पण तुमीच." पुढाऱ्यानं चावी थोडा वेळ धरली. ती जड असते, पहिल्यांदा धरणाऱ्याला खांद्यातून ओढते. मग त्यानं ती भिंतीला टेकवली आणि गेला. दोन दिवसांत भाटकरांना मेमो आला, उद्धट वर्तनाचा. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि त्याच शर्टानं गळती काढायला खड्ड्यात उतरले. मेमोचा लगदा झाला. उत्तर मीच लिहून दिलं.

जुन्याला चिकटून बसलेला माणूस असं कुणी त्यांच्याबद्दल समजेल, तर ते अगदी उलट आहे. शहरासाठी नवी पाणी योजना मंजूर झाली, सड्यावर नवी उंच टाकी उभी राहायला लागली, रस्त्यांच्या कडेनं निळे-काळे पाइप येऊन पडले, तेव्हा सगळं शहर खणलेल्या रस्त्यांवरून आम्हाला शिव्या घालत होतं. भाटकर तेवढे खूश होते. पाइपांवरून हात फिरवत फिरत. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि त्यांच्या मनात एकच होतं, आपण जायच्या आत आजीची सुटका करायची आणि खाडीकडची आळी नव्या लाइनीवर घ्यायची. "मी गेल्यावर आजीला कोण सांभाळील ताई? एखादा जोरात फिरवील नि बसतील मग बावीस घरां टँकरची वाट बगत." हे ते रोज म्हणत. रोज म्हणजे रोज.

योजनेचं काम बघायला निकम मॅडम आल्या. सल्लागार कंपनीच्या इंजिनिअर, नाशिककडच्या, तिशीच्या आतबाहेर. पहिल्याच दिवशी त्यांनी जुन्या लाइनींचा नकाशा मागितला आणि आम्ही सगळ्यांनी भाटकरांकडे बोट दाखवलं. मॅडमना वाटलं आम्ही थट्टा करतोय. पण बाई हुशार होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या भाटकरांबरोबर पायी फिरायला लागल्या. दोन आठवडे दोघं शहरभर हिंडले. जागा त्या मोबाइलवर टिपायच्या. फेऱ्यांची यादी मात्र भाटकरांनी ऑफिसात बसून मला सांगितली, कारण माझं अक्षर चांगलं, असा आमच्याकडे समज आहे. ते खिडकीशी उभे, डोळे मिटून, आणि मी लिहिते आहे. टिळक आळीचा कोपरा, सहा. पेठेतला खालचा, चार. मग ते म्हणाले, "खाडीकडची आळी. लाभ."

आणि मी 'लाभ' लिहिलं. 'एक' लिहायला हवं होतं. मला शब्दाचा अर्थ माहीत होता, सगळ्या ऑफिसात बहुधा मलाच माहीत होता. पण तो त्यांचा शब्द होता, मला तो गोड वाटला, आणि मी तो तसाच ठेवला. सरकारी कागदावर लाड करू नयेत.

चार-पाच दिवसांनी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून फोन आला. यादी कॉम्प्युटरवर चढवणारी कुणी मुलगी होती. त्याच वेळी दुसऱ्या फोनवर माळनाक्याचे एक गृहस्थ माझ्या नावानं शंख करत होते. मुलगी विचारत होती, "मॅडम, एका ठिकाणी नुसतं लाभ लिहिलंय. म्हणजे लाभक्षेत्र ना? योजनेचं पाणी जिथे पूर्ण द्यायचं तो भाग?" मी एका कानानं ऐकलं, दुसऱ्या कानात माळनाका होता. मी म्हटलं, "हो हो, तेच," आणि फोन ठेवला.

पुढचं सगळं त्या 'हो हो' मधून झालं.

नव्या टाकीची चाचणी मार्चमध्ये होती. नव्या टाकीचं पाणी आधी जुन्या जाळ्यात सोडायचं, मग एकेक आळी नव्या पाइपावर घ्यायची, असं ठरलं होतं. भाटकर वर टाकीवर, मॅडम मधल्या चौकात, आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर ठेकेदाराचा एकेक माणूस छापील तक्ता घेऊन उभा. तक्त्याची एक प्रत माझ्याकडे. यादी भाटकरांचीच, म्हणून छापून आल्यावर ती कुणी पुन्हा वाचली नव्हती, मीही नाही. सकाळी दहाला पाणी सुटलं. मी कौतुकानं फोनपाशी बसले होते, कारण अर्धा तास एकही तक्रार नव्हती.

मग काशीबायचा फोन आला. "काय गो, आज काय केलात काय? नळाखालची बादली सरकली माझी, इतको जोर हाय. आणि भायेर चरात पाणी फुटतां वाटतां, ते दोघे कामगार वरडतायत."

पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे मी कबूल करते. काशीबायच्या नळाला जोर. मग मी तक्ता ओढला. खाडीकडची आळी. फेऱ्यांच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे छापलं होतं, 'लाभक्षेत्र – पूर्ण उघडा.'

मी भाटकरांना फोन लावला आणि काय बोलले ते मला आठवत नाही. त्यांनी मधेच तोडलं. आवाज अजिबात चढला नव्हता. "ताई, ऐका. त्या माणसाला सांगा, चावीला हात लावू नको. तो घाबरून गपकन बंद करील आणि धक्क्यानं आजी तितंच फुटंल. चरातली माणसां पयली भायेर काढा. मी आलो."

मी मॅडमना कळवलं, समोरून जाणाऱ्या रिक्षात बसले आणि गेले. तिथे पोचले तेव्हा आळीतली बायकामाणसं चराच्या कडेला जमली होती. नव्या पाइपासाठी खणलेला तो चर आजीला अगदी लागून होता. वर जांभा, खाली खाडीची काळी माती. जुन्या जोडातून पाण्याचा फळीसारखा झोत चरात येत होता. एक कामगार वर आला होता. दुसरा मांड्यांपर्यंत चिखलात रुतला होता आणि जितका ओढे तितका खाली जात होता. मॅडम चराच्या तोंडाशी पालथ्या पडून त्याचा हात धरायला बघत होत्या.

भाटकर स्कूटरवरून आले. त्यांनी चराकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून सरळ व्हॉल्व्हकडे गेले. लोकांना ते समजलं नाही. कुणीतरी शिवी दिली. "अरे मानूस मरतोय इकडं आणि तू तिकडं कुटं चाललास?"

त्यांनी चावी बसवली. अर्धा फेरा फिरवला. थांबले. कान लावला. पुन्हा अर्धा फेरा. पुन्हा थांबले. इतकं हळू, की बघवेना. सगळी आळी ओरडत होती, "बंद कर, बंद कर लवकर." ठेकेदाराचा माणूस चावी हिसकायला पुढे झाला, तेव्हा त्यांनी त्याला कोपरानं ढकललं आणि पुन्हा कान लावला. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती आणि ओठ हलत होते. मी जवळ उभी होते. त्या दिवशी ते काय मोजत होते ते मला ऐकू आलं नाही.

चरात पाणी कमी व्हायला लागलं. काशीबायनं कुणाच्या तरी होडीचा दोर आणला. तो कामगाराच्या काखेतून घातला आणि सात-आठ जणांनी ओढला. बूट आत राहिले, माणूस वर आला. त्याला ओट्यावर निजवलं, तोच मागे आवाज झाला. जोड सुटला होता. चराची ती बाजू, जिथे तो उभा होता तिथली, आख्खी आत बसली.

भाटकरांनी उरलेले फेरे मग भराभर फिरवले. आता सांभाळायला काही उरलं नव्हतं. चावी काढून ते तिथेच खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले. "आजी गेली," एवढंच म्हणाले.

बावीस घरं टँकरवर आली. आणि चौकशी लागली.

निकम मॅडम सरळ होत्या. त्या म्हणाल्या, तक्ता आमच्या ऑफिसनं छापला, जबाबदारी माझी. त्यांना कामावरून हलवणार, हे उघड होतं. हे कळलं त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी भाटकरांना फोनची गोष्ट सांगितली. लाभक्षेत्र, माळनाका, हो हो. सगळं सांगितलं. मला वाटलं ते रागावतील. मला ते हवंही होतं.

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "मॅडम गेली तर काम थांबलां. नवीन मानूस येनार, परत मोजनार, तवर पावसाळा लागला. म्हंजे पुडच्या वर्षावर गेलां. काशीबायनं टँकरच्या मागं वरीसभर धावायचां काय?"

"पण काका, चूक तुमची नाही."

"शब्द माजा होता ना? मग झालां. लिवा खुलासा."

खुलासा मी लिहिला. त्यांच्या तर्फे, माझ्या त्या चांगल्या अक्षरात. त्यात मी एक वाक्य घातलं होतं, की सदर शब्दाबाबत दूरध्वनीवर विचारणा झाली असता लिपिक श्रीमती अमुक यांनी चुकीचं उत्तर दिलं. त्यांनी मला ते वाचायला लावलं. त्या वाक्यावर बोट ठेवलं. "ह्यां काडा."

"का?"

"तुमची अजून तीन वर्सां हायत. माजे दोन म्हयने. कुनाला जड जाईल?"

मी एकदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मी नवा कागद घेतला आणि ते वाक्य वगळून खुलासा उतरवून काढला. त्यांनी खाली सही केली, विश्राम धोंडू भाटकर, प्रत्येक अक्षर सुटं. तोंडी माहिती देताना चुकीचा शब्द वापरल्याबद्दल त्यांना ठपका मिळाला, चावी जमा करून घेतली आणि आवक-जावकच्या टेबलापाशी एक खुर्ची देण्यात आली. तीच ती खुर्ची. मॅडम राहिल्या. काम चालू राहिलं. ऑफिसातले लोक दबक्या आवाजात म्हणायचे, म्हातारा शेवटी घसरला. मी ऐकायची आणि रजिस्टरमध्ये डोकं घालायची. घरी गेल्यावर मला जेवण जायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी पुन्हा त्याच टेबलावर असायची.

निवृत्तीनंतर ते गावी गेले आणि वर्षभरातच वारले. मी भेटायला जाईन जाईन म्हणत राहिले. आता मीही निवृत्त आहे, त्यामुळे हे लिहायला धीर आला, असं म्हणायलासुद्धा लाज वाटते.

मी त्यांना अखेरचं नीट पाहिलं ते खाडीकडच्या आळीत, नव्या लाइनीच्या उद्घाटनाला. पाऊस लागायच्या आत, मे अखेरीस काम पुरं झालं होतं. मांडव होता, नारळ होता, पाहुणे होते. आम्ही ऑफिसवाले पहिल्या रांगेत. भाटकरांना आमंत्रण नव्हतं. ते सगळ्यांच्या मागे, होड्या ओढून ठेवतात तिथे उभे होते. पांढरा धुतलेला शर्ट घालून आले होते. भाषणात सगळ्यांचे आभार मानले गेले. नळ सोडला, पाणी आलं. बायकांनी हात लावून पाहिलं. मग पाहुण्यांनी हौसेनं काशीबायपुढे माइक धरला आणि विचारलं, "मावशी, आता खूश ना?"

काशीबायनं माइककडे पाहिलं आणि मग आम्हा सगळ्यांकडे.

"पाणी आलां, बरां झालां," ती म्हणाली. "पन भाटकरानं चूक केली म्हनून कागद काडलात तुमी, तां मला पटलां नाय. इतकी वर्सां ज्याचा हात चुकला नाय, त्याची जीब कशी चुकंल? दुसऱ्या कुनाची तरी असंल ती चूक."

निकम मॅडम मान खाली घालून उभ्या होत्या. मी वळून मागे पाहिलं. भाटकर माझ्याचकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. तेवढ्यात सूत्रसंचालकानं माइक घेतला आणि हसून म्हणाला, मावशींसाठी एकदा जोरदार टाळ्या. सगळ्यांनी वाजवल्या. मागे होड्यांपाशी भाटकरही वाजवत होते.

मी पहिल्या रांगेत बसले होते. मी उठले नाही.